मागची सीट

आमच्या वाडीत कुणाकडे नवी गाडी आली की तिची दोनदा पूजा होते. पहिली भटजी करतात. दुसरी मधूकाका करतात, आणि ती जास्त वेळ चालते.

मधूकाका आधी मागचं दार उघडून डोकं आत घालतात आणि वास घेतात. बाजारात गिऱ्हाईक सुरमईचे कल्ले उचलून बघतं, तसं. मग मागच्या सीटवर डावीकडे बसतात, डोळे मिटतात आणि चालवणाऱ्याला सांगतात, “तिठ्यार जावन येवया. वळणार सावकाश जाव नको, जसो रोज जातंस तसोच जा.”

परत आल्यावर ते उतरतात आणि थोडा वेळ कुणाशीच बोलत नाहीत. गाडीचा मालक पेढ्याचा बॉक्स धरून उभा असतो. काकांची सगळी नोकरी तालुका कचेरीत गेली. घरात आणि बाजारात ते मालवणी बोलतात, निकाल मात्र कचेरीच्या मराठीत देतात. “सदर वाहनाची मागील बैठक समाधानकारक नाही. सबब, नामंजूर.” मग पेढा घेतात.

डॉक्टरांची गाडी नामंजूर झाली. सरपंचांची जीप तर वासावरच फेटाळली गेली. एका नवरदेवाची गाडी वरातीच्या दिवशी, फुलांसकट, नामंजूर झाली. कुणी वाईट वाटून घेत नाही. काकांना स्वतःला गाडी चालवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. नोकरीभर ते कचेरीत सायकलने गेले.

मी वर्तमानपत्रात गाड्यांची परीक्षणं लिहितो. म्हणजे काकांचं आणि माझं काम एकच आहे. फरक इतकाच, की माझ्याकडे बहुतेक गाड्या मंजूर होतात. ‘आश्वासक’, ‘समंजस’, ‘प्रगल्भ’ ही विशेषणं मी इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शनला वाटत असतो. माणसांसाठी ती वापरायची वेळ माझ्यावर क्वचित आली. मुंबई सोडून गावी राहायला आलो, तेव्हा काकांनी माझं एक परीक्षण वाचून पेपर परत केला.

“पेपरवाल्या, तू गाडी चलयतंस. गाडयेत बसणंस नाय. चलवणाऱ्याक काय कळता? मागची सीट खोटा बोलणा नाय.”

मी हसलो. पंधरवड्याने एक कॉलम छापून येणाऱ्या माणसाला हसणं परवडतं.

मग या मार्चमध्ये एका परदेशी कंपनीने मला तिची आलिशान विजेची सेदान परीक्षणासाठी पाठवली. पाच दिवसांसाठी. काम सरळ होतं: रेंज, चार्जिंग आणि परफॉर्मन्स. पूर्ण चार्ज करायची, बॅटरी जवळजवळ संपेपर्यंत पळवायची, कंपनी म्हणते तेवढी धावते का ते बघायचं. कंपनीचं म्हणणं असं, की ती एका चार्जमध्ये मुंबईहून मालवणला येईल आणि वर थोडी उरेल. ती आली मात्र ट्रकवर बसून.

पहिला अडथळा माझ्या घराची गल्ली. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये ही जहाजासारखी लांब, रुंद आणि पोटाशी जमिनीला टेकलेली गाडी. आरसे मिटून, श्वास रोखून मी ती आत घेतली. मोरीवरून जाताना खालून एक लांब आवाज आला. परीक्षणात मी त्याला ‘ग्राउंड क्लिअरन्स थोडा मर्यादित’ असं म्हणणार होतो.

दुसरा अडथळा चार्जिंग. घरच्या प्लगला लावली तेव्हा पडद्यावर बॅटरी पूर्ण भरण्याची वेळ आली, आणि तिच्यापुढे परवाचा वार होता. माझी बायको नीलम बाहेर येऊन म्हणाली, “पंप लावू नको म्हणतेय, पंखा लावू नको म्हणतेय. हिला ठेवायचं की आपण राहायचं, एकदा ठरव.”

गडग्यापलीकडून काका बघत होते. “हत्तीक पेज घालतंस होय रे? घाल, घाल. चतुर्थीपर्यंत पोट भरतला त्याचा.”

मग ते आत आले. दार उघडलं, डोकं आत घातलं, आणि लगेच बाहेर काढलं.

“हेच्यात अगरबत्ती कोणी लावली?”

गाडीत सुगंधाची बाटली बसवलेली होती. पडद्यावरून पाच सुगंधांतला एक निवडता येतो, असं मी जरा अभिमानानेच सांगितलं.

“आधी ता बंद कर. आनि कातड्याचो वास जावक दारा उघडी ठेव. दोन दिवस.”

मी कारण विचारलं नाही. कोण, काय, कुठे, केव्हा, का, हे पाच प्रश्न बातमीदारीत पहिल्या आठवड्यात शिकवतात. काकांच्या बाबतीत मी चारच विचारत आलो होतो. पाचव्याचं उत्तर नीलमने दिलं, आणि ती पत्रकार नाही.

“अरे, काकींसाठी बघतात ते. सगळ्या वाडीला माहितीये.”

सुलूकाकींना गाडी लागते. साधी नाही. लग्नाच्या वऱ्हाडात फोंडाघाटाहून मालवणला येताना त्या नवऱ्या मुलीच्या शालूत जे आजारी पडल्या, त्यात गृहप्रवेश दुसऱ्या दिवशी झाला. नंतर काही वर्षं त्या माहेरी गेल्या. प्रत्येक वेळी जाऊन दोन दिवस आडव्या, येऊन दोन दिवस आडव्या. मग जाणं सुटलं. थोरली बहीण, माई, दर मे महिन्यात इकडे यायची. गेल्या वर्षी माई पडली, आणि आता ती फोंड्याला खाटेवरून उठत नाही. दोघी व्हिडिओ कॉल करतात. माईला मोबाईल धरता येत नाही, त्यामुळे काकींना अर्धा वेळ छताचा पंखा दिसतो. त्या पंख्याशीही बोलतात.

हिवाळ्यात त्यांनी भाड्याच्या गाडीतून जाऊन पाहिलं. कसालला उतरल्या आणि पुन्हा गाडीत बसेनात.

“गोळी घेऊन जायचं ना,” मी नीलमला म्हटलं. हेच मी काकींनाही जाऊन विचारलं. त्या गेल्या वर्षीची कोकमाची सोलं उन्हात पसरत होत्या.

“गोळी घेतलंय काय मी दिवसभर निजतंय,” त्या म्हणाल्या. “माई कितक्या वर्सांनी माका आपल्या घरात बघतली, ती निजलेली बघतली? त्यापेक्षा पंखो बरो.”

तेव्हा गाडीची चारही दारं दोन दिवस उघडी राहिली. दुसऱ्या सकाळी मागच्या सीटवर, पांढऱ्या कातड्यावर, काकांची कोंबडी बसलेली होती. मी ओरडलो. काका धावत आले आणि थबकले.

“उठवू नको तिका. जनावराक वासाचा कळता. बसली म्हणजे वास गेलो.”

कंपनीला मी काय उत्तर देणार होतो, हा प्रश्न काकांच्या कचेरीत येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी काकांना चाचणीला नेलं. ते मागे बसणार इतक्यात थांबले. “आज तू बस मागे. डोळे मीट. नीलम चलयतली.”

मी वीस वर्षं हे काम करतो, असं म्हणालो. “म्हणानच,” काका म्हणाले, आणि माझ्या शेजारी, डाव्या बाजूला बसले.

नीलमने महामार्गाला लागताच पॅडल दाबलं. या गाडीचा वेग हा तिचा मोठा गुण आहे. आवाज न करता ती माणसाला सीटमध्ये ढकलते. मी डोळे मिटून ‘विजेसारखी झेप’ हा शब्दप्रयोग मनात घोळवत होतो. समोर ट्रक आला असावा, कारण नीलमने पॅडलवरून पाय काढला, आणि गाडी जागच्या जागी मंदावली. या गाड्यांत पाय काढला की मोटर उलटी वीज बनवते, बॅटरी भरते, आणि गाडी आपोआप अडते. मी याला कॉलममध्ये ‘कमालीचं हुशार’ म्हणत आलो आहे. पुन्हा झेप. पुन्हा अडणं. कणकवली ओलांडेपर्यंत मला हुशारीचा कंटाळा आला. तळेऱ्याच्या अलीकडे मी नीलमला गाडी थांबवायला सांगितलं, आणि पुढची काही मिनिटं मी एका काजूच्या झाडाला धरून घालवली.

नीलमने पाण्याची बाटली दिली. “लिही आता. ‘प्रगल्भ’.”

काका गाडीतच बसून होते, रुमाल तोंडावर धरून. “कळला मा? आवाज नाय, वास नाय, थरथर नाय. झकास. पन पाय काढल्यार गाडी पाठसून शर्ट धरून वडता. ता बंद होता काय?”

बंद होतं. पडद्यावर दोनदा बोट लावलं की गाडी उतारावर नुसती घरंगळते, जुन्या गाडीसारखी. पण मग रेंज कमी होते. माझी सगळी चाचणी कमाल रेंजची होती, ती जास्तीत जास्त वीज परत मिळवण्यावर अवलंबून होती, आणि माझ्याकडे दोन दिवस उरले होते. तळेऱ्याच्या हॉटेलातला चार्जर आम्ही बघितला. त्यावर टॉवेल वाळत होते. मालक म्हणाला, “चालू आसा, पन लाईट नाय.” म्हणजे एकदा घरच्या प्लगवर भरलेली वीज, तेवढीच. ती सगळी रेंजच्या चाचणीत संपवायची, की काकींना फोंड्याला न्यायला वापरायची?

मी हे काकांना व्यवस्थित समजावून सांगितलं. त्यांनी व्यवस्थित ऐकून घेतलं.

“तुझी रेंज म्हणजे गाडी रिकामी होयसर खंय जाता, ताच मा?”

“हो.”

“आनि तिका खंयच जावचा नसता.”

 संपादकांकडे याचं उत्तर असेल, म्हणून मी त्यांना फोन केला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी निघालो. काकींना पुढे बसवलं, कारण पुढे कमी लागते. काका माझ्या मागे. काकींनी पोटात फक्त पेज घेतली होती, मांडीवर माईसाठी सोलांची पिशवी, आणि मुठीत लिंबू. पडद्यावर दोनदा बोट लावून ती ओढ मी बंद केली होती, आणि बैलगाडीच्या शिस्तीने चालवत होतो. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत पुढे गेली. त्यातला माणूस वळून गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघून हसला. एवढ्या ताकदीची गाडी रिक्षाने मागे टाकल्याची नोंद या क्षेत्रात बहुधा पहिली असावी.

काका मागून अखंड बोलत होते. “ह्या बघ, शाळेचा पटांगण. ह्या बघ, काजी लागल्यो. ह्या बघ—”

“तुमी गप रवा,” काकी म्हणाल्या. “माका बघू देत.”

कसाल आलं. मी आरशात बघितलं. काकांचे ओठ घट्ट मिटलेले, हात सीटवर. काकी बाहेर बघत होत्या. कसाल गेलं. कणकवलीचा पूल गेला, फोंड्याचा फाटा आला, आणि काकी एकदम म्हणाल्या, “हंय आधी आंब्याचा झाड होता.” तेव्हा मला कळलं, की माहेरचं ते झाड सोडलं तर सगळा रस्ता त्या पहिल्यांदा बघत होत्या. आजवर त्यांनी तो पिशवीत तोंड घालून पार केला होता.

फोंड्याच्या बाजारात माईचं घर दुकानांच्या रांगेत आहे. काकी स्वतःच्या पायांनी उतरल्या. आत खाटेवरून आवाज आला, “कोण तां?”

“मी, सुलू.”

“कशी इलंस गो?”

“बसान इलंय.”

माईने त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, “किती म्हातारी झालंस.” दोघी हसायला लागल्या आणि हसणं मध्येच बदललं. मी बाहेर आलो. अशा वेळी तिथे थांबून टिपणं घ्यायची माझी सवय होती; त्या दिवशी जमलं नाही.

काका ओट्यावर नव्हते. दुकानांच्या मागे, फणसाखाली सापडले. एका हाताने झाड धरलेलं, वाकलेले, आणि मी तळेऱ्याला जे केलं होतं तेच करत होते. मी पाणी आणलं. त्यांनी चूळ भरली आणि भिंतीला टेकून खाली बसले. चेहरा राखेसारखा झाला होता.

“काय झाला काका? ऊन लागला?”

“ऊन खंयचा,” ते म्हणाले. “माका पन लागता रे. ल्हान आसल्यापासून.”

“मग वाडीतल्या प्रत्येक गाडीत—”

“मग कोणाक बसवू? जेका लागणा नाय, तेका काय कळतला?” त्यांनी पुन्हा चूळ भरली. “तिका सांगू नको हां. आमचा लग्न झाला त्या दिवशी गाडयेत मी पन होतंय. ती इतकी लाजली, इतकी लाजली, की माझा सांगूचा रवला. मगे रवलाच.”

“आणि आजची गाडी?”

त्यांनी विचार केला. “सदर वाहनाची—” अशी कचेरीची सुरुवात केली आणि सोडून दिली. “बरी आसा,” ते म्हणाले. “तिच्यासाठी बरी आसा.”

माईकडे जेवण झालं. काकांनी भात नुसताच चिवडला आणि भूक नाही म्हणाले. ऊन कलताना आम्ही निघालो. काकी ओट्यावरून उतरल्या, सरळ मागच्या दाराशी गेल्या आणि आत बसल्या.

“काकी, पुढे बसा,” मी म्हणालो. “मागे जास्त लागते.”

“माका आता काय होणा नाय.” त्यांनी हात पुढे करून नवऱ्याच्या तळहातावर लिंबू ठेवलं. “तुमी बसा फुडे.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली; मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी लिंबाकडे बघितलं, मग मागे बघितलं. काकी खिडकीतून माईच्या दाराकडे बघत होत्या.

“सावकाश चलव रे,” त्या म्हणाल्या. “पन्नास वर्सा झाली, हेंका अजून सवय नाय.”