अहेरीत जेवायचं एकच ठिकाण

अहेरीत चांगलंचुंगलं खायला कुठे मिळतं, हे शहाऐंशी साली माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं! आमच्या कचेरीत नवा साहेब आला, की पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसायचा आणि दुसऱ्या दिवशी मला बोलवायचा. "चुनारकर बाबू, जेवणाचं काय?" मी त्याला गावभर फिरवायचो. मोहाच्या झाडाखाली अस्वल जसं नाकाच्या भरवशावर पोचतं, तसा मी डोळे मिटून कुठल्याही कढईपाशी पोचायचो.

म्हणून चांद्याच्या (म्हणजे चंद्रपूरच्या) एका साप्ताहिकाने 'आमच्या गावची चव' या विषयावर लेख मागवले, तेव्हा मी हातातला आलुबोंडा खाली ठेवला आणि पेन उचललं. (आलुबोंडा नंतर खाल्ला.)

चार ठिकाणं लिहिली. बसस्टँडवरचा पत्रूचा गाडा: आलुबोंडा आणि वर डोळ्यांतून पाणी काढणारी तर्री. बायनाबाईची खानावळ: प्राणहितेच्या माशाचा रस्सा. सिरोंच्याकडून आलेल्या मल्लय्याचं हॉटेल: दोसा. आणि चौथं ठिकाण माझं घर. आमच्या भागीरथाच्या हातची अंबाडीची भाजी आणि सुक्या झिंग्यांची चटणी खाल्ली नाही, तो माणूस उगाच जन्माला आला!

घरात शांतता राहावी म्हणून घरचा परिच्छेद सगळ्यात वर घेतला. पण पेपरात 'माझी बायको' असं लिहायचं म्हणजे शरमेची गोष्ट. माझे सासरे तो पेपर वाचायचे! म्हणून नुसतं 'भागीरथाबाई' लिहिलं. शेवटी माझं नाव आणि पत्ता टाकून लेख पोस्टात टाकला.

इथवर ठीक होतं. पण माझ्या पोटात अन्न राहतं, गोष्ट राहत नाही.

पत्रूला म्हटलं, "पत्रू, पेपरात येऊन राह्यला तू! पह्यला नंबर!"

"खरंच, बाबू?" त्याने माझ्या ताटलीत दोन बोंडे जास्तीचे टाकले.

आता ही बातमी बायनाबाईला सांगितली नसती तर तिला वाईट वाटलं असतं. "बायनाबाई, तुमचाच पह्यला नंबर!" तिने रश्शातलं माशाचं डोकं काढून मला वाढलं. मल्लय्याने दोशावर तूप सोडलं. "नंबर वन मीच कदा, बाबू?" त्याच्या मराठीत तेलुगू शेपटं असायची. "तूच कदा!" मी म्हटलं. घरी भागीरथालाही तेच सांगितलं. तिने त्या दिवशी चटणी दोनदा वाढली.

लेखात मी नंबर घातलेच नव्हते. चौघं वाचतील, चौघांनाही वाटेल पहिला आपणच! बुद्धी म्हणतात ती ही!

पेपर बाजाराच्या दिवशी साडेदहाच्या चांदा गाडीने यायचा. मी दहापासून पत्रूच्या गाड्यापाशी उभा. गाडी आली. ड्रायव्हर आणि कंडक्टर टुणकन उतरून कुठेतरी घाईने गेले. त्यांच्यामागे दहाबारा उतारूही तरातरा गेले. मला वाटलं, बाजारात काहीतरी स्वस्त आलं असेल.

पत्रूने गठ्ठ्यातला पहिला पेपर ओढला आणि बोंडे खात बसलेल्या सोमाजी गुरुजींच्या हातात दिला. "गुरुजी, मोठ्यानं वाचा. साऱ्या बसस्टँडले आयकू जाऊ द्या!"

गुरुजींनी घसा खाकरला. "अहेरीत जेवायचं एकच ठिकाण!"

"माहा गाडा!" पत्रू म्हणाला.

"भागीरथाबाईंची खानावळ!" गुरुजींनी वाचलं.

माझ्या हातातला बोंडा तर्रीत पडला.

"अंबाडीची भाजी आणि झिंग्यांची चटणी खाल्ली नाही, तो उगाच जन्माला आला. पत्ता: मारुतीच्या देवळामागे, बोअरिंगजवळ, अहेरी. जागेअभावी इतर ठिकाणे गाळली आहेत."

संपादकाने सगळं गाळलं होतं! पत्रू गाळला, बायनाबाई गाळली, मल्लय्या गाळला, खुद्द माझं नाव गाळलं! ठेवला होता फक्त माझा पत्ता, आणि तो चिकटवला होता माझ्या बायकोच्या भाजीला!

"बाबू, मी कुठी हावो?" पत्रूने विचारलं.

"जागेअभावी..." मी म्हणालो.

पत्रूने माझ्या हातातली ताटली काढून घेतली. अर्धा बोंडा होता तिच्यात! आणि तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "अरे, हा पेपर गाडीतबी वाटला असन. म्हणून ते ड्रायव्हर-कंडक्टर तसे पळाले!"

मी घराकडे धावलो. गेल्या दहा वर्षांत मी धावलो नव्हतो. वाटेत दोन कुत्री घाबरून बाजूला झाली.

अंगणात पाहतो तर काय! ड्रायव्हर बोअरिंगचा दांडा मारतोय, कंडक्टर हात धुतोय, भामरागडकडचे चारपाच जण ओसरीवर मांडी घालून बसलेत. एक बाई लेकराला सांगत होती, "थांब, आता भाजी येते." आणि दारात भागीरथा, हातात भाताचं पातेलं, डोळे पुरीएवढे.

"अवो, आले का तुमी?" ती दात चावत हळूच म्हणाली. "इतके पाव्हणे बोलावले, अन् मले एका शब्दानं सांगतलं नाई?"

"मी नाई बोलावले!"

"मंग काय वाऱ्यानं आले? साऱ्यायच्या तोंडी एकच, भागीरथाबाई इथीच राह्यते ना? मी हो म्हणलं, तं लोकं बसलेच!"

"बाई, भात कमी टाका, भाजी जास्त!" ड्रायव्हरने ओसरीवरून ऑर्डर दिली.

आता ओसरीवर येऊन बसलेल्या माणसाला उठा कसं म्हणायचं? भागीरथाने पदर खोचला. माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी वाढायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी ताटाच्या उलट्या बाजूला उभा होतो, आणि तिथून अन्न फार वाईट दिसतं. सगळं लोकांच्याच तोंडात जातं!

पहिली पंगत उठली. दुसरी बसली. फाटकाबाहेर तिसरी उभी राहिली. भाजी संपली. मी उरलेली चटणी हळूच बोटाने चाटत होतो, तोच अंगणात आवाज झाला.

"कुठी हाये तो बाबू?"

बायनाबाई! हातात कालथा, मागे मल्लय्या, त्याच्या मागे पत्रू. मी चटणीचं बोट पाठीमागे लपवलं.

"मले सांगतलं, पह्यला नंबर तुमचा!" बायनाबाई गरजली.

"मलेबी!" पत्रू ओरडला.

"नाकु कूडा!" मल्लय्या म्हणाला. तेलुगू मला येत नाही, पण तेवढं कळलं.

भागीरथा दारात आली. "काय नंबर?"

पत्रूने पेपर पुढे केला. तिने वाचला. सावकाश, एकेक अक्षर लावत. मी डोळे मिटले.

"तुमी माही खानावळ उघडली?" ती म्हणाली. "पेपरात? अन् मलेच मालूम नाई?"

"छापण्यात चूक..."

"अन् ह्या तिघायलेबी तेच सांगतलं, जे मले सांगतलं?"

पंगतीतलं एक लेकरूसुद्धा चावायचं थांबलं. चौघंही माझ्याकडे बघत होती. वाघाने बघितलं असतं तर बरं, तो एकटा असतो.

मग बायनाबाईने माझ्यावरची नजर काढून चुलीकडे टाकली. रिकामं पातेलं, विझत आलेला जाळ, फाटकाशी ताटकळलेली माणसं. बावीस वर्षं खानावळ चालवलेली बाई ती. राग विसरली की काय, कोण जाणे!

"भागीरथे, तांदूळ कुठी हाये?" तिने कालथा खाली ठेवला. "उपाशी मानसायले दारातून वापस नाई धाडाचं. पत्रू, गाडा इथी आण! मल्लय्या, दोशाचं पीठ!"

"अन् मी?" मी विचारलं.

"तुमी लाकडं फोडा."

दोन वाजेपर्यंत आमचं अंगण जत्रा झालं. एका कोपऱ्यात दोसे, एका कोपऱ्यात बोंडे, चुलीवर बायनाबाईचा रस्सा. माझी चारही आवडती ठिकाणं एका अंगणात, आणि मी लाकडं फोडतोय! शेवटचा माणूस ढेकर देऊन गेला, तेव्हा चौघं एकत्र जेवायला बसली. अंबाडीची भाजी भागीरथाने नव्याने केली होती, बेताचीच. पत्रूने घास घेतला, थांबला.

"बाई," तो भागीरथाला म्हणाला, "इमानानं सांगतो, पह्यला नंबर तुमचाच."

बायनाबाईने मान हलवली. मल्लय्यानेही. भागीरथा खाली बघून हसली. मग बायनाबाई माझ्याकडे वळली. "घरी असं जेवन, मंग आमच्या दारात काऊन येता, बाबू?"

मी हात धुऊन आलो, तोवर भांडी पालथी पडली होती. एक शीत उरलं नव्हतं!

"थकलो आमी," भागीरथा म्हणाली. "आज बाहेरच खाऊन या."

गेलो. बायनाबाईच्या खानावळीला कुलूप. मल्लय्याच्या हॉटेलला कुलूप. पत्रूचा गाडा तर माझ्याच अंगणात! साहजिकच आहे, मालक सगळे माझ्या घरी हातपाय पसरून बसले होते. बसस्टँडच्या बाकावर मी पोटाला हात लावून बसलो.

तेवढ्यात आष्टीकडची गाडी लागली. पिशवी घेतलेला एक माणूस उतरला, इकडेतिकडे बघत माझ्याकडे आला.

"भाऊ, इथी जेवाले चांगलं ठिकान कोनतं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मग खाली जमिनीकडे पाहिलं.

"मले काय मालूम, भाऊ?" मी म्हटलं. "मी नवीन हावो इथी."