दिपालीचा हाडातला ताप

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनो, हे सगळं तुमच्यामुळे झालं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, घरात एकटी पोरगी, आणि तिला तुम्ही कादंबरी लावली कसली? ओसाड बंगल्यात एकटी बाई तापाने फणफणते, तिला खिडकीत मालकाची मेलेली बायको दिसते आणि शेवटी ती बरी होते. बरी कशी झाली, लिहा. दहा गुण.

दिपालीचे आईबाप दिवाळीपासून कोल्हारकडे टोळीवर होते. घरात बोलायला दोन शेळ्या. कॉलेजातले सर म्हणाले होते, पात्र समजायचं तर 'मी' म्हणून बोला. म्हणून भर दुपारी ती ओट्यावर फेऱ्या मारत घोकत होती, "मला घास उतरत नाही. खिडकीत ती पांढऱ्या कपड्यांतली उभी राहते..."

शेजारची कडूबाई गोवऱ्या थापत होती. ती शेणाच्या हातांनीच आली.

"कोन उभी ऱ्हाती गं?"

"मालकाची पहिली बायको, आजी. मेलेली."

"कंच्या मालकाची?"

"बंगल्याच्या. पुस्तकातलं हाय ओ, अभ्यास!"

"लागिर झालेलं मानूस असंच म्हनतं!"

कडूबाईने टोळीच्या मुकादमाला, अंगदला, फोन लावला. 'घास उतरत नाही' हे उसाच्या फडात पोचेपर्यंत 'पोरगी डोळं उघडंना' झालं. संध्याकाळी दिपालीची आई सविता टेम्पोतून उतरली ती अंगावरच्या पाचटासकट. तिने आधी कपाळाला हात लावला.

"ताप तर न्हाई."

दिपाली खरं सांगणार होती. पण तीन महिन्यांत त्या कपाळाला कुणाचा हात लागला नव्हता.

"आत हाय, आई. हाडात."

त्या रात्री हाडातल्या तापाने अडीच भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी अंगदचा फोन आला. "वैनी, कवा येताय? दादा एकटा किती तोडनार?"

"पोरगी लई अशक्त हाय, मुकादम. अजून दोन दिस." फोन ठेवून सविता लेकीची वेणी घालायला बसली. "तुझं ते पुस्तकाचं कवा द्यायचंय लिहून?"

दिपालीची मान ताठ झाली. "तुला कसं कळलं?"

"पुस्तकाचं कडूबाईच बोलली. अन् अडीच भाकऱ्या खानारी आजारी असती व्हय? पन लेकीला बघायला म्हनून मुकादमानं सोडलं असतं का मला? हल नको, भांग वाकडा पडतोय."

दोन दिवसांनी सविता गेली. दिपालीने उत्तर लिहिलं: आई आली, म्हणून ती बरी झाली.

दहापैकी दोन. खाली लाल शाईने शेरा: 'नायिकेला आई नाही.'

ते दिपालीलाही ठाऊक होतं. मग जवळ कुणी नसताना ती बाई बरी झालीच कशी? पुस्तक तुम्ही लावलंत, उत्तरही तुम्हीच द्या.