कुत्र्याची पसंती

खरा मध कुत्रं चाटत नाही, हे सत्यभामेच्या नवऱ्याचं ब्रह्मवाक्य होतं. मागच्या उन्हाळ्यात तिच्या बहिणीचा नवरा खुशालराव चिखलदऱ्याहून मध घेऊन आला, तर ह्या गोवर्धनानं तेल्हाऱ्याच्या भर बाजारात द्रोणभर मध कुत्र्यापुढं ठेवला. कुत्र्यानं द्रोणसुद्धा सोडला नाही. खुशालरावांना 'गूळपाणी पाटील' हे नाव त्या दिवशी चिकटलं ते चिकटलंच.

म्हणून यंदा गोवर्धन बायकोला घेऊन चिखलदऱ्याला निघाला, तेव्हा खुशालराव मुद्दाम दारात आले.

"साडूभाऊ, येताना मध आणजा. कुत्रं मी आणतो."

आता गोवर्धनाच्या नाकाचा प्रश्न होता.

गोरे साहेब थंड हवा खायला डोंगर चढत, म्हणून उन्हाळ्यात तिथला बाजार भरलेला असे. नक्षीच्या काठ्या, बांबूच्या टोपल्या, मोरपिसांचे पंखे. सत्यभामेला सगळंच बघायचं होतं. नवऱ्यानं मात्र आधी एक मोकाट कुत्रं गाठलं. स्वतःच्या पाटीतल्या भेंडीचं टोक मोडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धरणारा हा माळी आता दुसऱ्याचा माल कुत्र्याकडून तपासून घेणार होता.

पहिली भेटली म्हातारी तानुबाई. तिच्या मडक्यातलं बोटभर सत्यभामेनं चाखलं. रानफुलांचा वास, आणि घशाशी जरा खवखव.

"अवो, असली हाये हा."

"तुले काय समजते? त्याले इचारू." गोवर्धनानं पान कुत्र्यापुढं ठेवलं. पान साफ झालं. "पाय! गूळपाणी!"

"काहून रे बाप्पा," तानुबाई कडाडली, "मध तुले पाह्यजे का कुत्र्याले?"

पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढंही तेच. एव्हाना कुत्रं शेपूट हलवत स्वतःच पुढच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसू लागलं होतं. शेवटी जानराव दुकानदाराच्या बाटलीतला मध पानावर पडला, तेव्हा कुत्र्यानं तो नुसता हुंगला, मोठी ढेकर दिली आणि सावलीत जाऊन आडवं झालं.

"भेटला! असली मध भेटला!" गोवर्धनानं बाटली छातीशी धरली.

"त्याचं पोट भरलं वो," सत्यभामा म्हणाली.

"तू चूप राय."

पण तिनं जानरावाचा मध जिभेवर ठेवून पाहिला होता. निव्वळ गुळाचा पाक. घरचा माणूस मूर्ख असला तरी चारचौघांत त्याचं हसू झालेलं तिला बघवणार नव्हतं. टोपली घेते म्हणून ती मागं वळली आणि फुलं विकून गाठीला ठेवलेल्या पैशांतून तानुबाईचा मध गाडग्यात घेऊन आली. घाटात मोटार इंजिनाला पाणी पाजायला थांबली, गोवर्धन ड्रायव्हरला अक्कल शिकवायला उतरला, तेवढ्यात तिनं बाटलीतला पाक झुडपात ओतला आणि खरा मध भरून ठेवला. आता तिला घोर नव्हता.

तेल्हाऱ्याच्या बाजाराच्या दिवशी खुशालराव कुत्रं घेऊन हजर. सारा बाजार जमला. गोवर्धनानं मिशीला पीळ देऊन द्रोण भरला.

कुत्र्यानं तो खाल्ला. मग गोवर्धनाची बोटंही चाटली.

"वा साडूभाऊ!" खुशालराव नाचायचेच बाकी होते. "मागच्या साली काय म्हणत होते तुमी मले?"

गोवर्धनाचा चेहरा वांग्यासारखा काळा पडला. सत्यभामेला भडभडून आलं. तिनं त्याला पाटीमागं ओढून कानात सारं सांगून टाकलं. "हा तानुबाईचा मध हाये. एकदम असली. कुत्रं असलीबी खाते, नकलीबी खाते. सांगा न सगळ्याइले!"

गोवर्धन उसळून उभा राहिला, तोंड उघडलं, आणि तसाच थांबला. कुत्रं खरा मध खातं म्हटलं, तर मागच्या साली खुशालरावांचाही खराच होता. मग भर बाजारात त्यांची माफी मागणं आलं.

त्यानं घसा खाकरला. "गूळपाणीच हाय बापा," तो म्हणाला. "फसलो."

आठवडाभर सत्यभामा रोज भाकरीवर मधाची धार सोडून जेवत होती. एकदा गोवर्धनानं हळूच आपलं ताट पुढं सरकवलं.

"तुमाले कसं देऊ?" ती बोट चाटत म्हणाली. "गूळपाणी हाये न ते."