आठ नावं, एक कॅरेट

"घरातलं मीठ सरलं तं सरलं, शून्यं नाही सरली पायजे," शालिकराम चहाच्या कपात तोंड घालून पुटपुटला.

शकुनने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. वीस वर्षांच्या संसारात ही एक कला तिने पक्की कमावली होती. दुसरी कला नवी होती. लेक गीतांजली अमरावतीला शिकायला गेली, तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला, आणि भाजी निवडता निवडता मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शकुन प्रोग्राम लिहायला शिकली. आता अकोटच्या शिवारातली, एकाच विहिरीवर भाजीपाला पिकवणारी आठ घरं तिच्या प्रोग्रामवर पाणी घेणार होती. कोणाचा वॉल्व्ह किती मिनिटं उघडायचा, ते मोटरीजवळचा डबा तिच्या लॅपटॉपला विचारणार होता.

आजवर ही पाण्याची पाळी थोरले दीर शेषराव यांच्या खिशातल्या वहीत असायची. ती वही दुसऱ्या कोणाला दिसत नसे. "मी आपला साऱ्यायच्या शेवटी घेतो," हे मात्र ते आरतीसारखं रोज म्हणत. वही त्यांनी शकुनच्या हातात दिली ती अटीवर. एक दिवस चालवून पाहायचं. गडबड झाली, तर लॅपटॉप पेटीत आणि वही परत खिशात.

गडबड? शकुनला हसू आलं. प्रत्येक घराचे आठवड्याचे सात आकडे. त्यांना जागा आधीच करून ठेवायची असते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. वांगी तोडताना दर कॅरेटसाठी बांधापर्यंत पळणारी बाई ती नव्हेच. रिकामी कॅरेटं आधी ओळीने मांडायची, मग तोडा सुरू! व्हिडिओतला मास्तर एकेका नावासाठी फेरी मारून शून्यं भरत होता. बघूनच तिला दम लागला. तिने आठही नावं एका ओळीत लिहिली, मध्ये बरोबरची चिन्हं टाकली आणि शेवटी एकदाच सांगितलं, सात शून्यं. एका ओळीत काम फत्ते! मग वहीतले आकडे भरले. शेषरावांचे अर्थातच शेवटी.

सकाळी आठला लाईट आली आणि मोटर सुरू झाली. साडेनऊला त्या आठ घरांतल्या चंदाने सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी पाठवली. मग ज्योत्स्नाकडून मेथी आली. दुपारी जमुनाबाई स्वतः पदरभर वांगी घेऊन आली, शकुनच्या गालावरून हात फिरवून गेली. हे कौतुक असावं, असं शकुनला वाटलं. तिचं कौतुक याआधी कोणी केलं नव्हतं. ते वांग्यांच्या रूपात येत असेल, असं ती धरून चालली.

बरीच वाट पाहून तीन वाजता शेषरावांची पाळी आली आणि मोटरीला ढास लागली. त्यांच्या नळीतून पाण्याऐवजी विहिरीचा उसासा निघाला.

चारला सगळे मोटरीच्या खोलीपाशी जमले. शेषराव ओरडले नाहीत. त्यांनी वहीसाठी नुसता हात पुढे केला. बाकीच्यांना पाणी किती वेळ आलं, असं शकुनने विचारल्यावर जो तो, शालिकरामसुद्धा, लिंबाची पानं बघू लागला. शेवटी जमुनाबाईने कबूल केलं, की तासभर आलं. शकुनला आपली दया आली असेल, असं वाटून आपण सांगितलं नाही, असंही ती म्हणाली. मग साऱ्यांनाच तसं वाटलं होतं, असं निघालं.

"वही देते, भाऊजी. आधी चूक पाऊ द्या," म्हणत शकुन लॅपटॉप घेऊन पायरीवरच बसली.

तिने जमुनाबाईचा आकडा बदलून पंचवीस केला. आठही घरांचे पंचवीस झाले! चंदाचा सात केला. आठही घरांचे सात! शकुनचे कान तापले. नावं आठ होती, पण मांडलेलं कॅरेट एकच होतं. आठ चिठ्ठ्या त्या एकावरच चिकटवलेल्या. शेवटी ज्याचा माल पडला, तोच सगळ्यांच्या नावावर. चूक आपली आहे, हे तिने सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

"आता तरी त्या मास्तरासारख्या फेऱ्या मार," शालिकराम म्हणाला.

"नाही मारत."

तिने आठ ओळी, सात रकान्यांचा एकच तक्ता मागितला, शून्यांनी भरलेला. याही वेळी एकाच ओळीत! जमुनाबाईचा आकडा हलवला. बाकी सात घरं जागची हलली नाहीत.

"आता वहीतलं वाचून भरते, साऱ्यायसमोर. चुकली तं टोका."

कालच एका आकड्यापाशी ती थबकली होती, आणि पदर सावरून पुढे गेली होती. आज तिने पदराला हात लावला नाही. जमुनाबाई, वीस. चंदा, वीस. ज्योत्स्ना, वीस. वीस, वीस, वीस. आमचं घर, वीस.

"भाऊजी, साठ."

शेषराव विहिरीत वाकून पाणी शोधू लागले. शालिकरामने घसा खाकरला. आता हा मिठाचं काढतो, असं शकुनला वाटलं.

"दादा," तो म्हणाला, "वावराची वाटणी तं सारखी झाली व्हती. मंग तुमाले साठ मिनिटं काहून?"