हिंगाच्या डबीतलं टपाल

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत कुणी ठेवणीतले कपडे घालून बाहेर पडलं, की बोरस्तेकाका गॅलरीतून ओरडतात, "काय, चांदवडला का?" चुकून "हो" म्हटलंत की संपलं. हातात हिंगाची रिकामी डबी येते. डबीत पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हमध्ये एक पुडकं, आणि त्याला असं कुलूप की चांदवडच्या अक्कांच्या कॉम्प्युटरशिवाय ते जगात कुणाला उघडत नाही.

काकांनी उभी नोकरी रेल्वेच्या टपालडब्यात थैल्यांना लाखेचे सील ठोकण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर ते कॉम्प्युटर शिकले, तोही माउसला हात न लावता. काळ्या पडद्यावर दोन बोटांनी हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारण्याआधी चष्मा पुसायचा. "माल बंद, पत्ता उघडा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यांचा प्रोग्राम फाइलचं कुलूपबंद पुडकं करून रांगेत ठेवतो. नेणारा भेटेपर्यंत ते निवांत पडून राहतं. तिकडून पोच आली की मगच रांगेतून निघतं.

"काका, फोनवरून पाठवा की!" असं आमची ही एकदा म्हणाली.

"आणि वाटेत कुणी फोडलं म्हणजे?" काका असे दचकले, की आत देशाची गुपितं असणार याबद्दल कॉलनीत कुणालाच शंका उरली नाही.

मध्यंतरी एका साखरपुड्याला चांदवडला निघालो, तेव्हा डबी माझ्या खिशात आली. सोबत सूचना. "दारातून द्यायची नाही. आत बसायचं. पेनड्राइव्हवर पोच उतरायला वेळ लागतो, तोवर चहा घ्यायचा. नको म्हणायचं नाही." साखरपुडाभर माझ्या कोटाला हिंगाचा वास येत होता. मुलीकडच्या एका मावशींनी मला आचारी समजून मठ्ठ्यात मीठ कमी असल्याचं सुनावलं.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. घरात एकटीच. साखरपुडा उरकून मी तिथे गेलो. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, पुडकं उघडलं. आत एक फोटो. काकांच्या कुंडीतली मिरची! देशाचं गुपित ते एवढंच. वर कोपऱ्यात नेटचा डबा लुकलुकत होता.

"अक्का, तुमच्याकडे तर नेट आहे!"

"हाय ना. दिवसभर भजनं बघते." चहा ओतता ओतता त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्याचा खोकला गेला का? जेवतो का येळेवर? मी इचारलं म्हनून सांगू नका पण."

परत आल्यावर मी मोठ्या ऐटीत काकांना गाठलं. "काका, तिकडे नेट आहे. तुमचा प्रोग्राम नेटवरून पुडकं पाठवत नाही का?"

"पाठवतो की. हां हां म्हणता."

"मग?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "मेव्हणे गेल्यापासून ती एकटी आहे. इकडे ये म्हटलं तर येत नाही. फोनवर तब्येत विचारली, तर 'मला काय धाड भरलीय' म्हणून फोन ठेवते. मला आता एसटीची पायरी चढवत नाही. मिरची जाईल रे नेटवरून. तिच्या दारात माणूस कसा जाईल?"

मी खिशातून डबी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"चहा तिनेच ओतला ना?" त्यांनी विचारलं. "हात थरथरत होता?"

"नाही काका. थेंबभरही सांडला नाही."

काकांचा चेहरा उजळला. अक्कांची चौकशी ओठांवर आली होती, पण त्यांनी सांगू नका म्हणून बजावलं होतं. म्हणून मीच विचारलं, "तुमचा खोकला कसा आहे?"

"अक्का काही म्हणाली?"

"छे! मी आपलं सहज."

परवा मी ठेवणीतला शर्ट घालून त्यांच्या गॅलरीखालून मुद्दाम रमतगमत गेलो. चांदवडला माझं काहीही काम नव्हतं.