वनिताताईंचे डावीकडचे फाऊल

वनिताताई इंगोले कुणाच्या हातात कधी काही देत नाहीत. त्या फेकतात. किल्ल्या, लिंबं, टीव्हीचा रिमोट, दुधाची पिशवी आणि एकदा तर माझ्या बायकोचा, मेधाचा, चष्मा. "हात तयार ठेवा," अशी सूचना मिळते, पण तोवर वस्तू त्यांच्या हातून निघालेली असते.

मस्कतच्या अल मवालेहमध्ये आमच्या बिल्डिंगीत आम्ही पहिल्या मजल्यावर आणि त्या बरोबर आमच्या डोक्यावर. आम्ही मूळचे पुण्याचे, त्या अमरावतीच्या. मेधाने डबा परत मागितला की तो वरच्या गॅलरीतून येतो, आणि तो अचूक येतो हे मला कबूल केलं पाहिजे. चुकतो तो आमचा हात. भाजीबाजारातही हेच. घासाघीस करता करता ताई टोमॅटो निवडून थेट तागडीत टाकतात, चार हातांवरून. तिथला बांगलादेशी भाजीवाला आता दचकत नाही. त्या दिसल्या की तो तागडी फक्त थोडी पुढे सरकवतो.

नोकरीने त्या फार्मासिस्ट. काउंटरवरून गोळ्यांची पाकिटं गिऱ्हाइकाच्या ओंजळीत जातात. दुकानाच्या मालकाने, म्हणजे त्यांच्या अर्बाबने, एकदा समज दिली. आठवडाभर ताईंनी औषधं हातात ठेवली आणि त्या आठवड्यात त्यांची पाठ धरली. मग एक म्हातारा ओमानी गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आला. दोन पावलं मागे सरला, पायघोळ डिशदाशाच्या बाह्या सावरल्या आणि हात पुढे करून उभा राहिला. अर्बाब हसला आणि विषय खलास झाला.

एका जागी बसणं त्यांना जमत नाही. चहा उभ्याने, फोन चालताना, भांडण जिन्यात. त्यांचे यजमान सुधाकरराव याच्या अगदी उलट. विमानतळावर कार्गोत नोकरी, घरी आले की सोफा. फक्त त्यांचे दोन्ही तळवे कायम मांडीवर उघडे असतात. पूर्वी मला वाटायचं, माणूस ध्यानाला बसतो. लग्नाला बावीस वर्षं झाली की हात आपोआप तसे राहतात, हे मला नंतर कळलं.

कॉलेजात ताई सॉफ्टबॉल खेळायच्या आणि भारताच्या संघातून एकदा परदेशी जाऊन आल्या होत्या, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्याबद्दल विचारलं की "होतं बापा जुनं कायतरी" म्हणून त्या एखादा बटाटा आमच्या दिशेने सोडत. बटाटा झेलण्याच्या नादात प्रश्न राहून जाई.

गेल्या हिवाळ्यात दुबईत बेसबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि हे सगळं वाढलं. त्यात आपल्याकडच्या नावाचा एक संघ होता, डेक्कन. मला डेक्कन म्हणजे पुण्यातला बसस्टॉप. ताईंना मात्र त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. सामना असला की सकाळपासून मेसेज, "लेलेभाऊ, संध्याकाळी वर या." बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण पोहे चांगले असायचे.

डेक्कन हरायची. नुसती हरायची नाही, तर रस्ता चुकल्यासारखी हरायची. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कधी अमेरिकेचा, कधी जपानचा. कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा, एक धिप्पाड डॉमिनिकन. अकरा जणांची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना नऊ जण मैदानात विरळ वाटायचे. हळूहळू मला एवढं कळलं, की दोन पांढऱ्या रेषांच्या आत मारायचं असतं. चेंडू बाहेर गेला तर फाऊल.

आणि ताई फाऊलला टाळ्या वाजवायच्या.

सगळ्या फाऊलना नाही. फक्त डावीकडे गेलेल्या. डेक्कनचा असो की समोरच्याचा, चेंडू डाव्या रेषेबाहेर गेला की ताई ताडकन उठून टीव्हीला नाक लावत. चांगला लांब फटका मधोमध गेला, लोक उभे राहिले, की या निराश. "डावीकडे मार ना बापा," असं त्या प्रतिस्पर्ध्यालाही सांगत. एकदा तर पडद्याच्या कडेला गाल टेकवून उभ्या राहिल्या, जणू तिरकं पाहिलं की चौकटीबाहेरचं दिसेल.

"अहो, ताई हे काय करताहेत?" मी हळूच सुधाकररावांना विचारलं.

"पाहून राह्यली," ते म्हणाले.

"काय पण?"

"ते नाई सांगत ती."

सीझन सरत आला. डेक्कन तळाला घट्ट बसली होती. तेवढ्यात बातमी आली, की या खेळाची ओळख व्हावी म्हणून डेक्कनचा शेवटचा सामना मस्कतजवळ, आमेरातच्या क्रिकेटच्या मैदानावर होणार. ताईंनी आमचीही तिकिटं काढली. "एकदम भारी जागा हाय, लेलेभाऊ."

शुक्रवारी दुपारी आम्ही चौघे त्यांच्या गाडीने निघालो. वादी अदाईच्या चढावर गाड्यांची रांग लागली आणि ताईंचा धीर सुटला. गाडी चालवत होते सुधाकरराव, पण ब्रेक, क्लच सगळं ताई शेजारच्या सीटवरून दाबत होत्या. शेवटी त्या उतरल्या आणि रांगेच्या बाजूने चालायला लागल्या. पुढच्या चौकात आम्ही त्यांना पुन्हा उचललं. घामाघूम झाल्या होत्या, पण जरा शांत वाटत होत्या.

भारी जागा म्हणजे मैदानाचा डावा कोपरा. समोर ऊन, मध्ये जाळी, खेळ दूर कुठेतरी मुंग्यांसारखा चाललेला. मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी ताईंकडे पाहिलं. ताई जाळीला चिकटल्या होत्या आणि पलीकडे, पाच पावलांवर, मैदानात जायच्या आधी पिचर जिथे हात गरम करतात ती मोकळी पट्टी होती. तिथे एक तिशीचा सावळा गडी उकिडवा बसून चेंडू झेलत होता. पाठीवर नाव होतं, तायडे.

"हा आपल्याकडचा?" मी विचारलं.

"नीलेश. दर्यापूरचा. राखीव कॅचर हाय." ताईंनी मान वळवली नाही. "दुबईच्या मैदानात बी याइची बसाची जागा डावीकडेच होती. चेंडू तिकडं गेला तरच कॅमेरा तिकडं जाये."

तेव्हा मला त्या टाळ्या कळल्या.

सीझनभर नीलेश एकदाही मैदानात उतरला नव्हता. डॉमिनिकन गडी एकही सामना सोडत नव्हता. पण त्या दिवशी सामना संपत आला असताना एक चेंडू त्याच्या उघड्या हाताच्या बोटावर बसला. तो बोट धरून खाली बसला. डॉक्टर धावला. इकडे कुणीतरी हाक मारली आणि नीलेशने पायाला पॅड बांधले, छातीवर चिलखत चढवलं, मुखवटा काखेत धरला आणि रेषेशी जाऊन उभा राहिला. ताईंनी जाळी दोन्ही हातांनी धरली होती. मलाही बसवेना. बेसबॉल कळत नसताना मी उभा होतो.

डॉक्टरने बोटाला पट्टी गुंडाळली. डॉमिनिकन गड्याने दोन चेंडू झेलून पाहिले, मान हलवली आणि पुन्हा आपल्या जागी बसला.

नीलेश परत आला. त्याने पॅडचे पट्टे एकेक करून सोडले. घाई केली नाही. ताई त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या.

डेक्कन हरली. लोक पांगले. ताई उठून जाळीपाशी गेल्या आणि त्याला हाक मारली. गावाकडची बोली ऐकून तो चमकून आला. दोघं बोलत उभे राहिले. मी पुढे सरकलो तर सुधाकररावांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. आणि ज्या माणसाच्या तोंडून मी सलग चार वाक्यं कधी ऐकली नव्हती, तो बोलायला लागला. "ही बी कॅचर होती. इंडियाच्या टीममध्ये गेली, पण राखीव. अख्खी स्पर्धा बाजूले बसून पिचरचे चेंडू झेलले. घरी आली त हिच्या बाबांनी स्टेशनवर बँड लावला होता. कशी खेळली म्हणे. हिनं एक सामना बनवून सांगितला. दोन रन काढले म्हून. बाबा मरेपर्यंत तो सामना लोकाइले सांगत होते. दरवर्षी एक रन वाढे. ही खोलीतून उठून जाये."

तेवढ्यात जाळीपलीकडे नीलेशचा फोन वाजला. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि तसाच धरून ठेवला.

"उचल ना," ताई म्हणाल्या.

"बाबा हायेत. उतरला का म्हून विचारतीन. रोज विचारतात, ताई. आज त मस्कतले सामना म्हून साऱ्या गल्लीले बोलावून बसले असतीन."

"मंग?"

"उतरलो म्हून सांगतो. त्याइले काय समजते."

"नको सांगू," ताई म्हणाल्या. "उचल, अन् मले बोलू दे."

त्याने फोन उचलून जाळीला टेकवला. पडद्यावर टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते, आणि मागे खरंच पाचसहा माणसं दाटीने बसली होती.

"नमस्कार काका. मी वनिता इंगोले. अमरावतीची हाय, इकडं मस्कतले राह्यते," ताईंनी सुरुवात केली. आवाज नेहमीचा नव्हता. "तुमचा पोरगा आज मैदानात नाई उतरला. सीझनभर नाई उतरला."

नीलेशने मान खाली घातली.

"पण मी त्याले पहिल्या सामन्यापासून पाहून राह्यली. डेक्कनचा जो बी पिचर मैदानात गेला ना, तो आधी तुमच्या पोराच्या हातात चेंडू टाकून गेला. आज दुपारपासून मी इथं उभी हाय. एक बी चेंडू यानं मागं जाऊ देला नाई. कोणी पाहत नव्हतं, तरी बी नाई देला. हे तुमाले कोणीतरी सांगाले पाहिजे होतं, म्हून सांगितलं."

मागची माणसं म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडाकडे पाहत होती. मग त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि फोन जवळ ओढला.

"एवढा वेळ उकिडवा बसते तो," ते म्हणाले. "गुडघे त नाई दुखत त्याचे?"

ताईंनी नीलेशकडे पाहिलं. त्याने घाईघाईने नाही म्हणून मान हलवली.

"दुखतात, काका," ताई म्हणाल्या. "तो नाई सांगणार. माये बी अजून दुखतात."