शिंगं साळलेला टीव्ही

रविवारी हैदराबादचे गफूरसाहेब येणार म्हटल्यावर धुळाप्पाच्या जिवाला सोमवारपासूनच चैन नव्हतं. ओसरीवर बसला की आत जाऊन टीव्हीकडं बघून येई, आत गेला की बाहेर येऊन हमरस्त्याकडं बघे. आपल्या धान्याच्या दुकानाकडं तर त्यानं आठवडाभर ढुंकूनही बघितलं नाही.

"आवं, घडीभर एका जागी टेका की," महादेवी, त्याची बायको, वैतागून म्हणाली. "नुसतं बघूनबघून झिजंल तो डबा."

"तुला काय कळतंय? त्या डब्यात आपली मोटार हाय!"

हे मात्र खरं होतं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. अणदूरच्या त्या गल्लीसाठी पाणी सोसायटीनं धुळाप्पाच्या परड्यात बोअर पाडली. पाणी लागलं, चांगलं दोन इंच. गल्लीत पेढे वाटले. खांब आला, तार आली, स्टार्टरची पेटीसुद्धा भिंतीला लागली. मोटार तेवढी आली नाही. मोटारीचा ठराव मीटिंगमागून मीटिंग पुढं जात राहिला आणि बोअरच्या तोंडावर दगड ठेवून गल्लीतल्या बायका टँकरच्या मागं धावत राहिल्या. पायाखाली पाणी आणि डोक्यावर रिकामी घागर! महादेवी रोज त्या दगडाकडं असं बघायची की दुसरा कुणी असता तर पाझरला असता.

आणि अशात गफूरसाहेब उगवले. हैदराबादचे मोटारपंपांचे व्यापारी. सोलापूरला जाताना जीप तापली म्हणून पाणी मागायला ओसरीवर आले, आणि कोपऱ्यातला टीव्ही बघून पाणी मागायचंच विसरले.

तो टीव्ही धुळाप्पाच्या बापाला मिळालेला. नळदुर्गला बंगल्यावर राहणाऱ्या एका परदेशी इंजिनियरनं घरी परतताना आपल्या राखणदाराला बक्षीस दिला होता. लाकडी पेटी, पुढं दोन दारं, खाली चार निमुळते पाय, पितळी बटणं. तेव्हा इकडं टीव्हीला दाखवायला काही नव्हतं. आता सोलापूरला टॉवर झाला, तर दाखवायला याच्यात जीव नव्हता. महादेवी त्याच्यावर कंदील ठेवत असे.

गफूरसाहेबांनी मात्र ती दारं देवळाची असावीत तशी हळूच उघडली. "या अल्ला! धुळाप्पा, माझ्या घरी एक खोली भरून जुने रेडिओ, जुने टीव्ही आहेत. पण हा? सगळ्या दख्खनमध्ये असे दोन-तीन निघतील, बस! बोला, काय घेता?"

धुळाप्पाच्या तोंडून शब्द फुटायच्या आत दाराआडून महादेवी म्हणाली, "मोटार."

"पाण्याची? दिली! येत्या रविवारी नवी मोटार, पाइप, फिटर, सगळं घेऊन येतो. याला नीट सांभाळा, क्या?"

झालं! त्या 'नीट'नं धुळाप्पाची झोप उडवली. आजवर त्याला त्या पेटीत काही खोट दिसली नव्हती. आता बघावं तिथं खोटच दिसू लागली. दारावर मांजराच्या नखांचे ओरखडे. माथ्यावर रॉकेलचा डाग. बटणं काळी पडलेली. एका पायाला वाळवीचं भोक. साहेबानं पहिल्यांदा घाईत बघितलं, दुसऱ्यांदा नीट बघितलं आणि नको म्हणाला तर? गल्लीतल्या बायका मोटारीच्या आशेवर आतापासूनच घागरी घासायला लागल्या होत्या, तेही राखेनं, पाणी कुठलं! त्यांना काय तोंड दाखवायचं?

शेवटी शनिवारी तो हणमंतप्पाकडं गेला. हणमंतप्पा त्याचा जुना मित्र, बैलबाजारातला नामी दलाल. म्हाताऱ्या बैलाला असा सजवायचा की विकणाराच फसून तो परत विकत घेईल.

हणमंतप्पानं टीव्हीभोवती एक फेरी मारली, पाठीवर थाप मारली, वाकून पाय बघितले. "धुळ्या, बाजारात बैल असाच नेतोस का रं? अंगावर धूळ, शिंगं वाळकी?"

"न्हाय बा."

"मग ह्याला उघडा-नागडा गिऱ्हाइकापुढं हुबा करतोस? लाज वाटू दे. शिंगं साळायला पायजेत ह्याची!"

दोघं कामाला लागले. हणमंतप्पानं काचेचा तुकडा घेतला आणि शिंगं साळावीत तसं सगळं लाकूड साळून काढलं. जुनं चकचकीत पॉलिश भुशासारखं खाली पडलं. मग वर लाल हिंगूळ. दारांना हिरवे पट्टे. पट्ट्यांवर बेगड. बटणांना पिवळा रंग. चारी पायांना बैलाच्या शिंगांच्या पितळी शेंब्या ठोकून बसवल्या, त्यात वाळवीचं भोकही झाकलं गेलं. सरतेशेवटी माथ्यावर दोन गोंडे बांधले.

"आता बघ! मिरवणुकीत काढावा असा झाला का न्हाय?"

धुळाप्पाला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. महादेवी टँकरवरून आली, दारातच थबकली. "शिवशिवा! हे काय करून ठेवलंय?"

"वैनी, गिऱ्हाईक आधी अंग बघतंय," हणमंतप्पा म्हणाला.

महादेवी कपाळाला आठी घालून घागर घेऊन आत गेली आणि धुळाप्पाचं पुन्हा आत-बाहेर सुरू झालं.

रविवारी सकाळीच जीप आली. मागं मोटार, पाइपांचा भारा आणि दोन फिटर. गल्ली लोटली. गफूरसाहेब हसत आत गेले आणि दुसऱ्या क्षणाला आतून असा आवाज आला की कुणाचं काही बरंवाईट झालं असावं.

"ये क्या किया! अरे, ये क्या किया तुमने!"

"रंग दिला साहेब," धुळाप्पा चाचरत म्हणाला. "जरा बरा दिसावा म्हणून."

"बरा? अरे, त्या ओरखड्यांची किंमत होती! त्या डागाची होती! कारखान्यातून आलेलं पॉलिश होतं ते! आता याला कोण विचारतं? कवडीमोल केलात, कवडीमोल!"

"शेंब्या अस्सल पितळंच्या हाईत," हणमंतप्पानं मागून सांगून बघितलं. धुळाप्पानं त्याला कोपर मारलं.

गफूरसाहेब टीव्हीपुढं मटकन बसले. मग कुठं तरी थोडं पॉलिश वाचलं असेल या आशेनं म्हणाले, "रॉकेल आणा. फडकं आणा." आणि एका कोपऱ्यातून हिंगूळ पुसायला लागले.

महादेवीनं दारातून हे सगळं बघितलं आणि मुकाट परड्याकडं वळली. फिटर बिड्या ओढत बसले होते.

"बाई, मोटार उतरवायची का? साहेब काय म्हणाले?"

"साहेबांना त्या डब्यापुढनं उठवतच न्हाय बघा," महादेवी म्हणाली. यात खोटं एक अक्षर नव्हतं. "तुमी आपलं काम सुरू करा. थांबा, आधी पूजा."

तिनं मोटारीला हळदीकुंकू लावलं, भंडारा उधळला, नारळ फोडला. आत धुळाप्पाला नारळाचा आवाज आला. महादेवीनं मोटार बोअरमध्ये सोडायला घेतली, हे तो ओळखून चुकला. आता त्याची खरी तारांबळ उडाली. परड्यात पाइप खणखणले की तो मोठ्यानं खोकायचा. साहेब उठायला लागले की नवं फडकं पुढं करायचा.

"साहेब, ह्या दाराच्या आतल्या बाजूला बघा, तिथं राहिलं असंल."

"साहेब, खालच्या फळीला बघा की."

हणमंतप्पालाही अखेर उमगलं. त्यानं रॉकेलची दुसरी बाटली आणली. साहेबांचे हात कोपरापर्यंत लाल-हिरवे झाले, आणि निघालं काय, तर साळलेलं कोरं लाकूड. पॉलिशचा ठिपकासुद्धा नाही. हणमंतप्पाचं काम कच्चं नसायचंच.

"बस!" साहेबांनी फडकं फेकलं. "सौदा मोडला. मोटार परत नेतो!"

तरातरा परड्यात आले, आणि बघतात तर मोटार नाही. बोअरच्या तोंडातून पाइपचा शेवटचा तुकडा वर आलेला, केबल स्टार्टरला जोडलेली, आणि भोवती गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका घागरी घेऊन उभ्या.

"कुणी सांगितलं तुम्हाला? काढा वर! आत्ताच्या आत्ता!"

फिटरनं एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा बायकांकडं. पान्ह्याला हात लावायची त्याची छाती होईना. "साहेब, लाईट गेली म्हणून थांबलोय. न्हायतर पाणी आलं असतं एव्हाना."

धुळाप्पा भिंतीला टेकला. लाईट आली तर पाणी, न आली तर मोटार वर. बायका ओरडल्या असत्या तर साहेब उलटून ओरडले असते. पण त्या नुसत्या बघत होत्या, आणि एवढ्या कोरड्या घागरींपुढं साहेबांचा वर केलेला हात आपसूक खाली आला.

"बसा साहेब, चहा टाकते," महादेवी शांतपणे म्हणाली. "घरात पाणी न्हाय, पण येतंय."

तेवढ्यात स्टार्टरवरचा दिवा लागला. फिटरनं सवयीनं बटण दाबलं. पाइपनं आधी नुसता वारा टाकला, मग लाल गढूळ चूळ, मग एकदम मनगटाएवढी जाड पांढरीशुभ्र धार. बायका ओरडल्या, पोरं धारेखाली घुसली, धुळाप्पा तर रडायलाच लागला.

गफूरसाहेब पुढं झाले आणि रंगानं माखलेले हात धारेखाली धरले.

"ओ साहेब!" एक म्हातारी खेकसली. "पाणी वाया घालू नगा!"

साहेबांनी हात चटकन मागं घेतले. आणि मग, आपल्याच मोटारीचं पाणी आपल्याला मिळेना म्हणून की काय, त्यांना हसू फुटलं. ते फिटरला म्हणाले, "टीव्ही गाडीत चढव."

धुळाप्पानं डोळे पुसले. "पर साहेब, कवडीमोल झाला म्हणाला न्हवं?"

"म्हणालो होतो. तसे दोन-तीन तरी असतील दख्खनमध्ये. पण शेंब्या-गोंड्यांचा? साऱ्या दुनियेत एकच निघणार."

हे ऐकून हणमंतप्पा लगबगीनं पुढं झाला. "साहेब, ते दोन-तीन कुठं हाईत तेवढं सांगा. तेबी रंगवून देतो!"